मेयोचे ओसाडपण निसर्गदत्त नव्हे

माननीय संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवार पुरवणीत आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावरील मेयो काउंटीविषयी आलेला प्रवासलेख आवडीने वाचला. क्रो पॅट्रिक या ७६४ मीटर उंचीच्या डोंगराचे आणि जुलैच्या शेवटच्या रविवारी तो चढणाऱ्या, काही तर अनवाणी जाणाऱ्या यात्रेकरूंचे वर्णन लेखिकेने सुरेख केले आहे. मात्र मैलोनमैल पसरलेल्या तेथील निर्जन हिरवाईला त्यांनी 'माणसाचा हात न लागलेला निसर्ग' म्हटले आहे, ते पटले नाही. त्याच पानावर कॅप्टन बॉयकॉट यांच्याविषयी एक ढोबळ चूकही राहून गेली आहे.

मेयोच्या उत्तर किनाऱ्यावर केजा येथे दलदलीतले पीट (जळणासाठी वापरली जाणारी, कुजलेल्या वनस्पतींची माती) खणताना खाली रचलेल्या दगडांच्या रांगा लागल्या आणि त्या एका शाळामास्तरांच्या नजरेस पडल्या. पुढे त्यांच्याच पुरातत्त्वज्ञ मुलाने केलेल्या संशोधनातून त्या पाच हजारांहून अधिक वर्षांपूर्वीच्या शेतांचे बांध असल्याचे सिद्ध झाले. म्हणजे जी दलदल आज आदिम वाटते, तिच्या पोटात शेते आहेत. अलीकडच्या काळाची साक्ष तर उघड्यावरच आहे. अ‍ॅकिल बेटावर स्लीव्हमोर डोंगराच्या पायथ्याशी छप्पर नसलेल्या दगडी घरांची लांबच लांब ओळ उभी आहे आणि आसपासच्या उतारांवर बटाट्याचे जुने वाफे अजून ओळखू येतात.

१८४१ च्या जनगणनेत मेयोत सुमारे ३ लाख ८९ हजार माणसे होती. २०२२ मध्ये ती १ लाख ३८ हजारांच्या आसपास होती. मी सिंधुदुर्गात राहतो. आमचा जिल्हा आकाराने मेयोहून थोडा लहानच, तरी २०११ मध्ये येथे साडेआठ लाखांच्या घरात वस्ती होती, आणि तरीही बंद घरांची खंत आम्ही करतोच! मेयोतल्या गरीब कुळांचे पोट बटाट्यावर अवलंबून होते. १८४५ पासून पिकावर करपा पडत गेला आणि दुष्काळात मेयोची दैना झाली. त्यातून जे जगले, त्यांतल्या अनेकांना भाडे थकले म्हणून जमीनदारांनी घराबाहेर काढले. कॅसलबारचे लॉर्ड ल्यूकन यांनी तर कुळांची घरे पाडून त्या जागी मोठमोठी कुरणे केली. छायाचित्रांतली हिरवाई पाहताना एवढे तरी ठाऊक असावे.

लेखिकेने ज्या वेस्टपोर्ट ते अ‍ॅकिल सायकलमार्गाची वाखाणणी केली आहे, तो एका बंद पडलेल्या रेल्वेमार्गावरून जातो. अ‍ॅकिलची तरुण मुले-मुली दरवर्षी बटाटे काढण्याच्या हंगामी मजुरीसाठी स्कॉटलंडला जात. १८९४ च्या जूनमध्ये अशाच मजुरांना बोटीकडे नेणारे गलबत वेस्टपोर्टजवळ क्लू बे मध्ये उलटले आणि ३२ जण बुडाले. हा लोहमार्ग तेव्हा रीतसर सुरूही झाला नव्हता, तरी त्यावरून त्यांचे मृतदेह गावी नेण्यात आले. पुढे सप्टेंबर १९३७ मध्ये स्कॉटलंडमधील कर्किंटिलॉक येथे मजुरांच्या झोपण्याच्या जागेला आग लागून अ‍ॅकिलचे दहा मुलगे दगावले. त्यांच्या शवपेट्याही याच मार्गाने आल्या, आणि काही दिवसांतच रेल्वे कायमची थांबली. सायकल अवश्य चालवावी, परंतु तेथून माणसे कशी गेली आणि कशी परतली, हे चार ओळींत सांगता आले असते.

आता बॉयकॉट यांच्याविषयी. लेखात 'कॅप्टन बॉयकॉट यांनी पुकारलेला बहिष्कार' असे छापले आहे. वस्तुस्थिती नेमकी उलट आहे. मेयोच्याच स्ट्रेड गावी जन्मलेले आणि वयाच्या पाचव्या वर्षाच्या आतच घरच्यांसह बेघर झालेले मायकेल डेव्हिट यांच्या पुढाकाराने १८७९ मध्ये शेतकऱ्यांची लँड लीग उभी राहिली. (आपल्याकडे दख्खनच्या कर्जबाजारी शेतकऱ्यांसाठीचा कायदा झाला तो याच वर्षी.) पुढच्याच वर्षी लॉर्ड अर्न यांच्या मेयोतील इस्टेटीवर कुळांनी भाड्यात सूट मागितली, तेव्हा त्यांना जमिनीवरून काढण्याच्या नोटिसा बजावू पाहणारे कारभारी म्हणजे हे बॉयकॉट. गावाने हात न उचलता त्यांच्याशी व्यवहार तोडला. मजूर शेतावर येईनात, दुकानदार माल देईनात. अखेर कॅव्हन आणि मोनाघन भागांतून पन्नास मजूर आणून, सुमारे हजार सैनिक-पोलिसांच्या पहाऱ्यात पीक काढावे लागले, आणि त्या पिकाच्या किमतीच्या कितीतरी पट खर्च बंदोबस्तावर झाला. त्यानंतर बॉयकॉट मेयो सोडून गेले.

तेव्हा बहिष्कार त्यांनी पुकारला नव्हता, तो त्यांच्यावर पडला होता, एवढी दुरुस्ती पुढील अंकात छापावी, ही विनंती.

आपला,
एक नियमित वाचक
कुडाळ, जि. सिंधुदुर्ग