ई८५ टाकायच्या आधी पंपाचं काय ते बघा

संपादक महोदय,

तुमच्या वाहन पुरवणीत टर्बो गाड्यांच्या (एग्झॉस्टच्या जोरावर इंजिनात जास्त हवा दाबून भरणाऱ्या) पर्यायी इंधनांवरचा, म्हणजे मुख्यतः इथेनॉल आणि थोडं पेट्रोल असलेल्या ई८५ वगैरेंवरचा लेख वाचला, विषय घेतलात ते बरं झालं, पण सगळा लेख कुठल्या इंधनाने किती पॉवर वाढते याच्याभोवतीच फिरतो आणि ते इंधन इंजिनापर्यंत पोचवायला गाडीतला पंप आणि इंजेक्टर (इंजिनात इंधन फवारणारे नोझल) पुरे पडतात का हे अगदी शेवटच्या दोन ओळीत उरकलंय. माझ्या मते निवड तिथूनच सुरू व्हायला पाहिजे.

आधी ऑक्टेनचं बोलू. आकडा जास्त म्हणजे ताकद जास्त असा बऱ्याच जणांचा समज आहे, पण नॉकिंग (इंधन वेळेआधी आपोआप पेटून इंजिनात ठोके बसणं) न होता इंधन किती दाब आणि उष्णता सोसतं एवढंच तो आकडा सांगतो. ट्यूनिंग कंपनीचंच असेल आणि इंजिन नॉक करतच नसेल तर महागडं रेस फ्युएल ओतून फारसं काही हाती लागत नाही, वर त्यात शिसं असेल तर कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आणि ऑक्सिजन सेन्सर दोन्ही जातात. फायदा होतो तो बूस्ट (टर्बो हवा भरतो तो दाब) वाढवला, टायमिंग (ठिणगी पडायची वेळ) पुढे घेतलं की.

इथेनॉल टर्बोला मानवतं हे खरंच आहे. ऑक्टेन तर चांगलंच, शिवाय वाफ होताना ते पेट्रोलच्या दुपटीहून जास्त उष्णता शोषतं त्यामुळे सिलेंडरमधलं हवा-इंधनाचं मिश्रण थंड राहतं. पण पेट्रोलला हवा-इंधनाचं प्रमाण वजनाने १४.७ ला १ लागतं आणि ई८५ ला साधारण ९.८ ला १, म्हणजे तेवढ्याच हवेला वजनाने जवळपास ५० टक्के जास्त इंधन ओतावं लागतं, मायलेज घसरतं ते वेगळंच.

आता हिशोब करा. चार सिलेंडरच्या टर्बो इंजिनातून ४०० हॉर्सपॉवर काढायची तर पेट्रोलवर प्रत्येक इंजेक्टर मिनिटाला ७५० सीसीच्या आसपासचा लागतो आणि तोसुद्धा ८५ टक्के ड्युटी सायकल (इंजेक्टर उघडा राहण्याचा वेळ) धरून, तेच ई८५ वर हजार सीसीच्या पुढे जातं. पंपाची गंमत तर अजून वेगळी, बॉक्सवर लिटरचा जो आकडा छापलेला असतो तो एका ठराविक दाबाला आणि ठराविक व्होल्टेजला मोजलेला असतो. इंधनाचं बेस प्रेशर ३ बार आणि बूस्ट १.५ बार असेल तर प्रेशर रेग्युलेटर रेलमध्ये (इंजेक्टरना इंधन पुरवणाऱ्या नळीत) ४.५ बार ठेवतो, इंजेक्टरला फरक तोच ३ बारचा जाणवतो पण पंपाला मात्र ४.५ बारच्या विरुद्ध ढकलायचंय, आणि नेमका बूस्ट वाढला की त्याचा फ्लो कमी होतो. त्यात वायरिंग जुनं, बारीक असेल तर व्होल्टेज पडतं आणि मग फुल थ्रॉटलवर मिक्स्चर लीन होऊन (इंधन कमी पडून) पिस्टन वितळायची वेळ येते. नवीन पंप बसवताना जाड वायर आणि वेगळा रिले टाका हे कुणी सांगतच नाही! डायरेक्ट इंजेक्शनच्या (थेट सिलेंडरमध्ये इंधन फवारणाऱ्या) गाडीत तर नुसता टाकीतला पंप बदलून भागत नाही, कॅमशाफ्टवर चालणारा हाय प्रेशर पंपच आधी दम टाकतो, मग मोठा पंप नाहीतर हवेच्या वाटेत फवारणारे वेगळे पोर्ट इंजेक्टर बसवावे लागतात.

लेखात कोनिगसेग सीसीएक्सआर या ई८५ वर चालणाऱ्या स्वीडिश सुपरकारचं उदाहरण आलंय, पेट्रोलवरच्या सीसीएक्सच्या ८०६ वरून थेट १०१८ हॉर्सपॉवर. गाडी सुपरचार्जरवाली (हवा भरणारा पंप इंजिनच फिरवतं अशी) आहे, टर्बो नाही, पण ते सोडा. त्यांनी इंजेक्टर, फ्युएल लाइन आणि पिस्टन रिंग बदलल्या, बूस्ट १.२ बारवरून १.५५ वर नेला, तेव्हा कुठे तो आकडा आला, आणि लेखात यातलं काहीच नाही.

अजून एक, ई८५ म्हणजे ८५ टक्केच असं नसतं. अमेरिकेच्या मानकात ते ५१ पासून ८३ टक्क्यांपर्यंत चालतं, ऋतूप्रमाणे बदलतं, कारण थंडीत नुसत्या इथेनॉलवर इंजिन स्टार्ट व्हायला कुरकुर करतं. म्हणून फ्लेक्स फ्युएल सेन्सर हवाच. तो लाइनमधल्या इथेनॉलचं प्रमाण मोजून ईसीयूला (इंजिनाच्या कॉम्प्युटरला) सिग्नलने कळवतो, शून्य टक्क्याला ५० हर्ट्झ आणि शंभरला १५०, आणि ईसीयू त्याप्रमाणे इंधन, टायमिंग, बूस्ट सगळं जुळवून घेतो. सेन्सर नसताना अंदाजपंचे ट्यून करणाऱ्यांपासून लांब राहिलेलं बरं. रबरी पाइप इथेनॉलला चालणारे आहेत का ते बघा, आणि सुरुवातीला टाकीतली जुनी घाण सुटून फिल्टर चोंदतो, तो लवकर बदला.

पुढच्या वेळी मिथेनॉलवर लिहिणार असं लेखाच्या खाली दिलंय. मग हेही छापा की त्याला ई८५ पेक्षाही बरंच जास्त इंधन लागतं, ॲल्युमिनियम खातं, पोटात गेलं तर आंधळेपण येऊ शकतं आणि पेटलं तर दिवसाउजेडी त्याची ज्वाला जवळपास दिसतच नाही. पॉवरचा तक्ता त्याच्या खाली टाकलात तरी चालेल.

आपला,
एक नियमित वाचक