वागळे इस्टेटच्या मिस्त्रीकाकांचे जाहीर आभार

आदरणीय काका,
सा. न.

मोबाइलवर वाचायचा तुम्हाला कंटाळा, म्हणून सूनबाईंना सांगितलंय की हे मोठ्याने वाचून दाखवा. तुमच्या हातचं काम चार लोकांना कळावं, म्हणून उघडच लिहिते आहे.

कळव्यात माझे रोजचे चाळीस डबे. सिलिंडरचा हिशोब काही केल्या बसेना, म्हणून तुर्भ्याच्या एका बंद पडलेल्या कॅन्टीनमधून ती पेलेटची, म्हणजे भुसा दाबून केलेल्या छोट्या कांड्यांवर जळणारी शेगडी उचलली. अख्खा पावसाळा गळक्या पत्र्याखाली काढलेली. दोन ठिकाणी दाखवली, दोघंही म्हणाले भंगारात घाला. मी हट्टाने घासली, साध्या ऑइलपेंटचे दोन हात मारले आणि पेटवली. दहा मिनिटांत रंगाला फोड आले, खोलीभर उग्र धूर. रंगाचा वास लागलेला सगळा भात टाकावा लागला. त्या दिवशी मी रडले, काका.

टेम्पोत घालून तुमच्याकडे आणली, तर तुम्ही रंगाकडे बघितलंसुद्धा नाही. पान्याच्या दांड्याने सगळीकडून ठोकत गेलात. सगळीकडे ठण्ण, राखेच्या कप्प्यापाशी मात्र भद्द. "इथला पत्रा गंजाने खाल्लाय. बाकी अंग धडधाकट आहे, बाई." माझा जीव भांड्यात पडला.

मग तुम्ही मला टॉर्च धरायला लावून आतली वरची भोकं दाखवलीत. निम्मी डांबरासारख्या थराने बुजलेली. पेलेट तापला की आधी त्यातून गॅस सुटतो, तो गॅस या भोकांतून येणाऱ्या हवेवर जळतो. हवा मिळाली नाही की तोच धूर होऊन बाहेर येतो आणि पातेली काळी करतो. इतकी वर्षं चुलीपाशी काढून हे मला कोणी सांगितलं नव्हतं. एकेक भोक तुम्ही माझ्याकडूनच मोकळं करून घेतलंत. जाळीवर राखेची काचेसारखी ढेकळं चिकटली होती, तीही मीच छिन्नीने काढली. ब्लोअरचा कपॅसिटर तुम्ही बदललात. ठिगळाला जीआयचा, म्हणजे जस्त चढवलेला पत्रा मी शोधून आणला होता, तो परत पाठवलात: तापला की जस्ताचा धूर सुटतो, स्वयंपाकघरात नको. साधा लोखंडी पत्रा वेल्ड केलात.

रंगाची पाळी सगळ्यात शेवटी आली. वायर ब्रश, मग ऐंशी नंबरचा पॉलिश पेपर, मग थिनरचं फडकं, आणि पुसल्यावर उघड्या बोटाने हात लावायचा नाही. आधी रेड ऑक्साइडचा, म्हणजे गंज रोखणारा लाल अस्तराचा हात लावू का विचारलं, तर म्हणालात, तो जळेल आणि वरचा रंग घेऊन सुटेल. ६०० अंशांपर्यंत टिकणाऱ्या चंदेरी रंगाचा डबा आणून ठेवला होता, पण तीन दिवस आभाळ भरलेलं, हवा दमट. तुम्ही झाकण उघडू दिलं नाहीत. मी घाईला आले होते, तुम्ही नाही. चौथ्या दिवशी ऊन पडलं तेव्हा दोन पातळ हात दिले. नंतर तीन दिवस रोज थोडी थोडी जास्त आच देऊन शेगडी पुरती गार होऊ द्यायची, म्हणजे रंग पत्र्यावर भाजून पक्का होतो. तिन्ही दिवस संध्याकाळी दुकान बंद करून तुम्ही कळव्याला आलात, अंगणात शेगडीपाशी बसलात. या वयात, लोकलच्या त्या गर्दीतून.

आता ज्योत निळसर-पिवळी, सरळ उभी राहते. पातेल्याचं बूड घासायला पूर्वीच्या निम्मासुद्धा वेळ लागत नाही. पेलेट झाकणाच्या ड्रमात, फळीवर ठेवते. रोज एक मोडून बघते, कट् असा आवाज आला तरच वापरते. तुम्ही शिकवलंत तसंच.

मजुरी विचारली तर तुम्ही रंगाचे आणि कपॅसिटरचे तेवढे पैसे घेतलेत. बाकी काय देऊ म्हटलं, तर म्हणालात, कुळथाची पिठी खाऊन बरेच दिवस झाले.

बुधवारी सूनबाईंच्या हाती डबा पाठवते. याच शेगडीवरची, वर ओलं खोबरं घालून. भात गरम असेल तेव्हाच जेवायला बसा.

तुमची,
कळव्याची डबेवाली ताई