अंगणवाडीत गोष्ट सांगायला येणाऱ्या आजींना

ती. आजी,
साष्टांग नमस्कार.

तुम्ही रोज खिचडी वाढायच्या आधी अंगणवाडीत येऊन गोष्ट सांगता, त्याबद्दल हे पत्र. आभार सगळ्यांदेखत मानायचे, कारण ‘पोरांना गोष्ट सांगायची, त्यात काय एवढं?’ असं पुष्कळांना वाटतं. त्यात किती काय आहे, हे शेजारच्या वस्तीवरच्या आजी-आजोबांनाही कळावं.

सगळ्यात जास्त आभार याचे, की तुम्ही सगळं स्वतःच बोलून टाकत नाही. म्हातारी आणि भोपळ्याचंच घ्या. सोमवारी गोष्ट सलग, हातवारे करून. मंगळवारी ‘चल रे भोपळ्या’ म्हणून तुम्ही थांबता आणि ‘टुणुक टुणुक’ मुलांकडून येतं. बुधवारी लेकीकडे जाऊन काय काय खाणार, तेही मुलंच पुरं करतात. गुरुवारी ‘आता वाटेत कोण भेटेल?’ असं विचारता आणि मनात पाच आकडे मोजेपर्यंत गप्प राहता. शुक्रवारी गोष्ट मुलंच सांगतात, तुम्ही फक्त धागा सुटला तर हातात देता.

आठवडाभर एकच गोष्ट ऐकून मुलं कंटाळतील, असं मोठ्यांना वाटतं. तीन ते सहा वर्षांच्या मुलांचं तसं नसतं. पहिल्या दिवशी त्यांचं सगळं लक्ष पुढे काय होतं यात गुंतलेलं असतं. घटना ओळखीच्या झाल्या की मग शब्दांकडे कान जातो. या गोष्टीत जाताना भेटलेली जनावरं परतताना पुन्हा भेटतात, त्यामुळे आधी काय, मग काय, हा क्रम मुलं आपोआप धरून ठेवतात. पुढे वाचलेल्या मजकुराचा अर्थ लावताना हीच सवय कामी येते. म्हणून आठवड्याच्या मध्येच पालुपदाचे शब्द बदलू नयेत, हा तुमचा आग्रह अगदी रास्त आहे. शब्द बदलले की नुकतं बोलू लागलेलं मूल पुन्हा गप्प होतं.

ते पाच आकडे मोजणं आम्हाला फार मोलाचं वाटतं. लहान मुलाला प्रश्न समजायला, शब्द शोधायला आणि तो तोंडाने काढायला वेळ लागतो. आपण दोन क्षणांत उत्तर देऊन टाकलं की मूल शिकतं ते एवढंच, की आपण नाही बोललो तरी चालतं.

सगळे एका सुरात बोलतात तेव्हा न बोलणारं मूल लपून जातं. त्यावर तुमची युक्ती नामी आहे. अबोल मुलाला भोपळा करायचं. भोपळ्याला बोलावं लागत नाही, पण त्याच्याशिवाय गोष्ट पुढे सरकत नाही, आणि बाकीची मुलं हात धरून त्याला पुढे नेतात. ज्याच्याशी कोणी खेळत नव्हतं, त्याला खेळात घ्यायचा याहून सोपा मार्ग आम्हाला माहीत नाही.

चिऊ-काऊच्या गोष्टीत तर तुम्ही भांडणही घडू देता. चिऊ बाळाला न्हाऊ घालते, पुसते, तीट लावते. काऊ बाहेर पावसात भिजतो. इथे थांबून तुम्ही विचारता, ‘काऊला काय वाटत असेल? चिऊने दार का नसेल उघडलं?’ कोणी काऊची बाजू घेतं, कोणी चिऊची. दुसऱ्याच्या मनात आपल्याहून वेगळं काही असू शकतं, हे मुलांना असंच उमगतं. शेवटी ‘यातून काय शिकलात?’ असं तुम्ही कधीच विचारत नाही. तो प्रश्न आला की मुलं विचार करायचं सोडून आपल्याला हवं ते उत्तर शोधू लागतात.

मूल ‘म्हस’ म्हणालं तर तुम्ही हसत नाही, दुरुस्तही करत नाही. ‘हो, म्हस आली. मग म्हैस पाण्यात बसली,’ म्हणून पुढे जाता. घरचा शब्द राहतो, पुस्तकातलाही कानावर पडतो. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीत ग्रामीण बालशिक्षणाचं काम सुरू केलं, तेव्हा मुलांच्या आसपास जे आहे त्यातूनच शिकवायचं, असं धोरण ठेवलं होतं. तुमचं सांगणं त्याच वाटेवरचं आहे.

ज्यांना हे करून पाहायचंय त्यांच्यासाठी थोडं बैठकीबद्दल. मुलं अर्धगोलात, धाकटी पुढे. सांगणाऱ्याने दाराकडे पाठ करून बसू नये. मागून उजेड आला की चेहरा काळोखा दिसतो आणि ओठांची हालचाल कळत नाही. तीन वर्षांच्यांना पाच-सात मिनिटं पुरतात, मोठ्यांना दहा-बारा. पात्रं तीन-चारच असावीत. वाघाचा आवाज एकदम मोठ्याने काढला तर धाकटी रडतात आणि गोष्ट तिथेच मोडते, म्हणून डरकाळी आधी हळू काढावी. कोणी चुळबुळ केली तर गोष्ट थांबवून रागावण्यापेक्षा त्याच्या हातात म्हातारीची काठी द्यावी. मोबाइलवरची गोष्ट याची जागा घेत नाही. मूल गोंधळलं तर मोबाइल थांबत नाही, त्याने दिलेलं उत्तर ऐकतही नाही.

एक विनंती. पुढच्या पालकसभेला या आणि रात्री झोपताना घरी गोष्ट कशी सांगावी, ते एकदा करून दाखवा. वडिलांनाही आवर्जून बोलावतो आहोत. भोपळा आणि काठी आम्ही तयार ठेवू.

आपल्या,
अंगणवाडी सेविका आणि मदतनीस