बाळाच्या पुरळावर मेडिकलची ट्यूब नको

संपादक साहेब, नमस्कार.

मुलगी बाळंतपणाला आली होती, जळगावचा मे महिना म्हणजे काय ते तुम्हाला सांगायला नको, त्यात बाळंतिणीची खोली बंद, खाटेखाली शेगडी (हसू नका, रीत म्हणजे रीत) आणि बाळाला टोपडं, मोजे, वरून दोन दुपटी. दवाखान्यात दुसऱ्याच दिवशी बाळाच्या अंगावर लाल चट्टे उठले, मधे पिवळट ठिपका. मी घाबरले पण डॉक्टर म्हणाले, आजी हे खूप बाळांना येतं, आठवड्यात जातं, काही चोळू नका. गेलं खरंच. घरी आल्यावर मानेत घामोळ्या आल्या त्याही शेगडी विझवून खिडकी उघडल्यावर बसल्या.

खरा घोळ झाला जांघेत. तिथे लाल झालं तर शेजारणीने सांगितलं म्हणून जावई मेडिकलमधून ट्यूब घेऊन आले, चिठ्ठी कोणी विचारलीसुद्धा नाही. दोन दिवसात एकदम साफ, मी तर शेजारणीला पेढे द्यायला निघाले होते. ट्यूब थांबवली आणि दुप्पट लाल, कडेने बारीक पुळ्या! डॉक्टरांनी ट्यूब बघून कपाळावर हात मारला, त्यात स्टेरॉइड होतं. बाळाची कातडी पातळ, वर डायपर बांधलेला, त्यामुळे ते अंगात जास्त मुरतं, आणि मूळ दुखणं होतं बुरशीचं, ते स्टेरॉइडने वरवर दबतं पण जात नाही. मग साधं बुरशीचं मलम आणि दिवसभर बिनडायपरचं बाळ, एवढ्यावर बरं झालं.

आशाताई दवाखान्यात जन्मलेल्या बाळाला ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी बघायला येतात. आपण काय करतो तर दुपट्यात गुंडाळलेलं बाळ लांबून दाखवतो आणि चहा पाजून पाठवतो. अहो कपडे काढून उजेडात दाखवा ना, मान, काख, जांघ, नाळ सगळं. नाळेला हळद, राख, तेल काही नको, कोरडी राहू द्या. बेंबीभोवती लाली, घाण वास, पू भरलेले फोड किंवा बाळ तापलेलं, दूध ओढत नाही, नुसतं मलूल पडलंय असं दिसलं तर मात्र संध्याकाळची वाट बघू नका, लगेच न्या, सरकारी दवाखान्यात आजारी नवजात बाळाचे उपचार मोफत आहेत.

आणि मेडिकलवाल्या दादांनो, महिन्याच्या बाळासाठी कोणी ट्यूब मागितली तर आधी चिठ्ठी मागा की हो.

- एक आजी, जळगाव