बंदी तंबाखूवर, मोकळीक सुपारीला

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

गुटख्यावर कडक बंदी घाला, असं एका वाचकाचं पत्र आपल्या अंकात नुकतंच वाचलं. त्यांची तळमळ खरी आहे. पण आम्ही मध्य प्रदेशातली माणसं ही बंदी 1 एप्रिल 2012 पासून बघतो आहोत. ती घालण्यात आमचं राज्य देशात पहिलं. बंदी असताना काय काय विकलं जातं, ते सांगावं म्हणून लिहिते. मी इंदूरला लोकमान्यनगरात राहते. बत्तीस वर्षं शाळेत गणित शिकवलं, आता निवृत्त आहे.

गेल्या दिवाळीत पुण्याचे पाहुणे आले होते. त्यांना रात्री सराफ्यात, इथल्या रात्रीच्या खाऊगल्लीत, नेलं. तिथे गेल्यावर पाणी-पतासे चुकवायचे नसतात (पुणेकर त्याला पाणीपुरीच म्हणत राहिले). माझा भाचा, वय 26, सगळ्यांकडे पाठ करून उभा होता. बघते तर दोण्यात पतासा फोडून चमच्यानं खात होता. मला वाटलं दाढ दुखत असेल. घरी आल्यावर बहिणीनं सांगितलं, वर्षभर असंच चाललंय. पोळीचा घास अगदी नखाएवढा करतो, आणि भाजीत जरा मिरची जास्त पडली की तोंडाची आग होते म्हणून ताटावरून उठतो.

दंतवैद्याकडे मीच घेऊन गेले. त्यांनी त्याला तीन बोटं एकावर एक उभी धरून दातांमधून आत घालायला सांगितली. निरोगी माणसाची जातात. भाच्याची दीड गेली. डॉक्टरांनी मला टॉर्च धरून गालाची आतली बाजू दाखवली. पांढुरकी, ताणलेली, बोट लावलं तर चामड्याच्या पट्ट्यासारखी. याला ओरल सबम्यूकस फायब्रोसिस म्हणतात. सुपारीतल्या द्रव्यांनी गालाच्या अस्तराखाली तंतू साचत जातात आणि तोंड हळूहळू आवळत जातं. सुपारी सुटली तर आवळणं थांबू शकतं, पण जेवढं आवळलं तेवढं सगळं परत सैल होत नाही. शिवाय अशा तोंडात पुढे कर्करोग होण्याचा धोका असतो, म्हणून ठरावीक दिवसांनी दाखवत राहायचं.

मी तिथेच विचारलं, "गुटखा खातोस?" तो म्हणाला, "गुटखा नाही गं मावशी. मसाला. तंबाखू तर दोन वर्षांपासून, तीही अलग से."

आणि तो खोटं बोलत नव्हता.

इकडे टपरीला गुमटी म्हणतात. गुमटीच्या पुढ्यात पुड्यांच्या दोन माळा लटकत असतात. एक पानमसाल्याची, चकचकीत, मोठ्या पुडीची. दुसरी तंबाखूची, बारक्या पुडीची. गिऱ्हाईक दोन्ही घेतं, मोठी पुडी फाडतं, बारकी तिच्यात ओततं, दोनदा हलवतं आणि तोंडात रिकामी करतं. उभ्या उभ्या गुटखा तयार. खाद्यपदार्थात तंबाखू किंवा निकोटीन घालायचं नाही असा 2011 चा नियम आहे, बंदी त्यावर उभी आहे. कारखान्यात घातलं नाही, गिऱ्हाइकानं घातलं. नियमाची बेरीज बरोबर, उत्तर चूक.

पण माझा खरा मुद्दा त्या मोठ्या पुडीचा आहे, जिच्याबद्दल कुणी बोलत नाही. 2003 च्या तंबाखू कायद्यानं अठरा वर्षांखालच्यांना विक्री आणि शाळेपासून शंभर यार्डांत विक्री, दोन्हींना मनाई केली. मात्र पानमसाला त्या कायद्यात येतो तो त्यात तंबाखू असेल तरच. तंबाखू काढली की तो निव्वळ मुखशुद्धी. चौदा वर्षांच्या पोरानं शाळेच्या फाटकाशी उभं राहून तो विकत घेतला तर या कायद्याचं काही मोडत नाही. आणि सुपारी, तंबाखूशिवायही, माणसाला कर्करोग करते हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं 2004 मध्येच जाहीर केलेलं आहे. कर्करोगाचं ते भयंकर चित्र, पुडीच्या 85 टक्के भागावर, आहे ते तंबाखूच्या पुडीवर. भाच्यानं अकरावीत कोचिंगला जाताना जी पुडी पहिल्यांदा फाडली तिच्यावर ते नव्हतं. तिची जाहिरात घरात सगळे मिळून टीव्हीवर बघतात. नट हसतो, वेलची उधळली जाते.

तंबाखूची मी वकिली करत नाही. माझे वडील मालवा मिलमध्ये होते. सूतगिरणीत आगीच्या भीतीनं बिडी ओढायला मनाई, म्हणून अख्खं खातं तंबाखू मळायचं. त्यांची चुन्याची डबी, तळहातावर अंगठ्यानं मळणं, वर थाप मारून धूळ उडवणं, सगळं मला अजून दिसतं. आजी मिश्री लावायची, दाराशी बसून, तासभर. त्या वेळी आम्हाला ते घरातल्या वासासारखं होतं. वडिलांच्या खालच्या ओठात, नेहमी बार भरायच्या जागी, जखम झाली तेव्हा ते 58 वर्षांचे होते. साठी पाहिली नाही. फरक एवढाच की त्यांना तिथपर्यंत पोचायला चाळीस वर्षं लागली, आणि भाच्याचं तोंड नऊ वर्षांत आवळलं. 2016-17 च्या सरकारी पाहणीत मध्य प्रदेशात शंभरातली 34 प्रौढ माणसं कुठल्या ना कुठल्या रूपात तंबाखू घेत होती. नुसता मसाला खाणारे त्या आकड्यात धरलेलेच नाहीत.

शाळेजवळच्या विक्रीचं सांगते. नियमात लिहिलंय की शंभर यार्ड हे अंतर शाळेच्या कुंपणापासून त्रिज्येनं मोजायचं. हे वाचून मला, गणिताच्या बाईला, फार बरं वाटलं होतं. कुणीतरी विचार करून लिहिलंय. शंभर यार्ड म्हणजे साधारण 91 मीटर. आमच्या भागातल्या एका शाळेच्या फाटकापासून मी पावलं मोजत गेले. त्रेचाळिसाव्या पावलाला गुमटी. फाटकाच्या भिंतीवर नियमाप्रमाणे फलक रंगवलेला आहे, दंड दोनशे रुपयांपर्यंत. अल्पवयीन मुलाला तंबाखू दिली तर बाल न्याय कायद्यात सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आहे, पण तो कायदा त्रेचाळीस पावलं चालून आलेला मी पाहिला नाही.

गुमटीवाला माझाच जुना विद्यार्थी निघाला. भूमितीत कच्चा होता, हिशेबात आता पक्का आहे. म्हणाला, "मैडम, टॉफी-बिस्किट में क्या बचता है? बच्चे टॉफी लेने आते हैं, नजर माला पर जाती है." त्याला लाज वाटत होती आणि धंदाही करायचा होता. मी त्याला रागावू शकले नाही.

पण त्यानं नकळत उपाय सांगितला. केंद्रीय आरोग्य मंत्रालयानं सप्टेंबर 2017 मध्ये राज्यांना नेमकं हेच कळवलं होतं: तंबाखू विकणाऱ्याला स्थानिक संस्थेचा वेगळा परवाना लागावा आणि त्या दुकानात टॉफी, चिप्स, बिस्किटं, शीतपेयं विकू नयेत. आमची महापालिका घरोघरी ओला-सुका कचरा वेगळा करून घेते, 2017 पासून सलग सात वर्षं स्वच्छतेत देशात पहिली आली. रस्त्यावर थुंकलं तर इथे दंड होतो, गिळलं तर नाही. अशा महापालिकेला गुमट्या मोजणं जड नाही. परवाना द्यावा, तो शाळेच्या कुंपणापासून टेप लावून द्यावा, आणि त्यात नुसता पानमसालाही धरावा. वयाची अट सुपारीच्या पुडीलाही लागावी, आणि ती पुडी कायद्याच्या यादीत यावी, हे मात्र दिल्लीचं काम आहे.

भाच्यानं मसाला सोडून पाच महिने झाले. डॉक्टरांनी व्यायाम दिलाय: आइस्क्रीमच्या चपट्या काड्या एकावर एक रचून दातांत धरायच्या, जमेल तशी एकेक वाढवायची. सुरुवात अकरा काड्यांनी झाली. रोज रात्री तो मोजतो आणि मी वहीत मांडते. हे पत्र त्याला वाचून दाखवलं. म्हणाला, आकडा चौदा लिहू नकोस, साडेचौदा लिही. पंधरावी आत जाते, पण ठरत नाही.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका
लोकमान्यनगर, इंदूर