सायलेन्सरवरचा डबा

कडोली,
अक्षय तृतीयेनंतरचा रविवार

तीर्थरूप आई आणि बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

परवा फोनवर आई तू विचारलंस, "दर शनिवारी-रविवारी कडोलीला जाऊन काय करतेस गं एवढं?" मी म्हटलं, घर झाडते, परड्यात पाणी घालते. ते खरं आहे, पण अर्धंच. उरलेलं फोनवर सांगायला गेले असते तर बाबांनी "त्या भंगारात कशाला पैसे घालतेस" म्हणून फोन तुझ्या हातात दिला असता. म्हणून लिहायला बसले.

बाबा, आपला छोटा ट्रॅक्टर चालू झालाय. काल संध्याकाळी मी तो मळ्यापर्यंत नेऊन आणला.

आता पहिल्यापासून सांगते. तुम्ही गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी पुण्याला गेलात त्याला दोन पावसाळे झाले. "आता माझा पाय क्लचवर पडत नाही, विकून टाका" असं तुम्ही धाकट्याला सांगितलंत, तेही मला कळलं. दिवाळीनंतर एक भंगारवाला किलोवर भाव करून गेला. तो गेल्यावर मी पडवीत जाऊन ताडपत्री ओढली, आणि मला खाली बसावंच लागलं. पडवीची चार कौलं वानरांनी फोडली होती आणि पागोळी नेमकी सायलेन्सरच्या नळकांड्यावर पडत होती. तुम्ही रोज ट्रॅक्टर लावला की त्यावर डालड्याचा रिकामा डबा पालथा घालायचात. किती दमून आलात तरी, आधी डबा मग पाय धुणं. तो डबा तिथेच भिंतीच्या खुंटीला लटकत होता. तुम्ही गेल्यावर मी महिन्याला एकदा तरी घरी येत होते. ताडपत्री नीट करून जायचे, पण डबा घालायचं एकदाही माझ्या मनात आलं नाही. हे तुम्हाला सांगितल्याशिवाय पुढचं सांगणं मला बरं वाटेना.

पाणी नळकांड्यातून आत गेलं. इंजिन थांबतं तेव्हा तिन्हींपैकी एखाद्या सिलिंडरचा बाहेरचा व्हॉल्व उघडा राहतो, त्यातून ते थेट पिस्टनच्या डोक्यावर. फॅनच्या पट्ट्याला धरून फिरवायला गेले तर इंजिन हलेना. हेड उघडलं. पहिला आणि तिसरा स्वच्छ होते, मधला मात्र कुंकवाच्या करंड्यासारखा लाल. पिस्टनच्या रिंगा बोअरला, म्हणजे सिलिंडरच्या आतल्या भिंतीला, गंजून चिकटल्या होत्या.

घाई करून ठोकलं असतं तर पिस्टन फुटला असता. आठवडाभर त्यात डिझेल आणि गंज सोडवणारं तेल घालून ठेवलं, शनिवारी येऊन बघितलं, जैसे थे. पुन्हा आठवडा. तिसऱ्या शनिवारी लाकडी ठोकळा ठेवून हळू हळू ठोकलं तेव्हा सुताएवढा सरकला. मी एकटीच होते पडवीत. मोठ्यानं ओरडले, तर शेजारचे काका कुऱ्हाड घेऊन धावत आले, साप निघाला की काय म्हणून.

बोअर बघताना तुम्ही शिकवलंत तसंच केलं. नख वरून खाली फिरवलं. वरच्या काठाला, जिथे रिंग वळते तिथे, नख अडकलं. मग उद्यमबागेतून बोअर गेज आणून मोजलं, तर नखानं सांगितलं तेच गेजनं सांगितलं. झीज फार होती, नुसत्या रिंगा घालून भागणार नव्हतं. वीस थाव, म्हणजे साधारण अर्धा मिलिमीटर, मोठा बोअर करून ओव्हरसाइज पिस्टन घातले. तिन्ही, एकटा मधला नाही. एकाच इंजिनात दोन मापाचे पिस्टन ठेवायला माझं मन घेईना. क्रँक चांगला निघाला, नुसतं पॉलिश करून बेअरिंगा नव्या घातल्या. हे काम आमच्या कारखान्याच्या मागच्या गल्लीतल्या गोकाककडच्या मिस्त्रींनी केलं. ते दर वेळी मायक्रोमीटर माझ्या हातात देऊन म्हणायचे, "अक्का, नोडरि." मी माप वाचलं, त्यांच्या मापाशी जुळलं, की "चलो ऐत्रि", छान आहे, म्हणून मान डोलवायचे. एका दुकानदारानं भलतंच गॅस्केट गळ्यात मारलं त्यात दोन रविवार गेले, तेवढं सोडलं तर अडलं नाही कुठे.

उद्यमबागेत शिरताना दर वेळी तुमचीच आठवण यायची. मी डिप्लोमाला मेकॅनिकल घेते म्हटल्यावर आजी रडायला लागली होती, पोरीनं लोखंडात हात घालायचा म्हणून. तेव्हा तुम्ही तिला लक्ष्मणराव किर्लोस्करांची गोष्ट सांगितलीत. आपल्या या बेळगावात १८८८ साली त्यांनी सायकलचं दुकान काढलं, १९०३ साली लोखंडी नांगर तयार केला, आणि लोक म्हणायचे की लोखंडानं जमिनीत विष उतरेल. "उतरलं का विष?" असं तुम्ही आजीला विचारलंत. ती काही बोलली नाही, पण दुसऱ्या दिवशी माझा डबा तिनंच भरला. एवढ्या वर्षांत मी तुम्हाला कधी म्हटलं नाही, बाबा, पण माझ्या हातात जे आहे ते त्या संध्याकाळपासूनचं आहे.

आई, आता तुझ्यासाठी एक. पुढच्या ॲक्सलची मधली पिन काढली तर तिच्याभोवती पितळेची पट्टी गुंडाळलेली सापडली. पिन ढिली झाली म्हणून बाबांनी कधीतरी घातलेली. इतकी बारीक कापलेली आणि कडा इतक्या घासलेल्या की मला वाटलं विकतचीच आहे. रॉकेलनं धुतली तर आतल्या अंगाला तुझ्या नावाची अर्धी अक्षरं. ठिपक्याठिपक्यांची, भांडीवाला घालून देतो तशी. तुझ्या माहेरच्या पितळी डब्याचं झाकण गं! ज्याच्यासाठी तू धाकट्याला बडवलं होतंस, नदीवर हरवलास म्हणून. तो मेला आजपर्यंत शपथा घेत होता. बाबांना आता काही बोलू नकोस. मी तिथे नवा बुश लेथवर करून घातला आणि पट्टी तुझ्या फडताळात ठेवलीय.

आता बदल काय केले ते सांगते. यासाठीच खरं तर हे पत्र.

वहिनी मागे तुम्हाला बिल्डिंगच्या जिन्यावर घेऊन फूटपट्टी लावत होती, आठवतं? डॉक्टरांनी सांगितलंय असं ती म्हणाली. डॉक्टरांनी नाही, मी सांगितलं होतं. तुमचा डावा पाय त्रास न होता किती उचलतो ते मला हवं होतं. सात इंच सहज जातो, नवाला तुम्ही कठडा धरता. म्हणून डाव्या बाजूला दोन पायऱ्या केल्यात, दोन्ही सात-सात इंचांच्या, आणि मडगार्डला धरायला पाइपचा दांडा. खालची पायरी बिजागरीवर आहे. बसलात की साखळी ओढून वर घ्यायची, नाहीतर बटाट्याच्या वरंब्याला घासेल. काकांनी ती पायरी बघून स्वतः चारदा चढ-उतार केली.

क्लचचा पेडल नऊ इंची होता, बारा इंची केला. त्यानं जोर पाऊण पटीवर येतो. पण जोर कमी झाला की पाय तेवढाच लांब दाबावा लागतो, आणि गुडघा जास्त वाकवणं हेच तर तुम्हाला मना केलंय. दोन दिवस डोकं लावलं. शेवटी पेडल तसाच ठेवून डाव्या हाताशी एक लांब लिव्हर दिला, सळईनं त्याच क्लचला जोडून. गिअर टाकताना हातानं लिव्हर मागे ओढायचा, पाय पायरीवर आरामात. मी डावा पाय बांधून अख्खा रविवार अंगणात चालवून बघितला. पहिल्यांदा हिसके बसतात, मग हाताला कळतं. क्लच दाबल्याशिवाय स्टार्टर लागू नये असं बटणही बसवलंय. गिअरमध्ये असताना चुकून चावी फिरली तर गाडी पुढे उडी मारणार नाही.

सीट एका जुन्या व्हॅनची आहे, मागे-पुढे सरकते. रंग तोच लाल. धाकटा निळा कर म्हणत होता, मी ऐकलं नाही.

मागची चाकं बाहेरच्या अंगानं उलटी करून रुंदी वाढवलीय, म्हणजे दोन्ही चाकं सरीतून जातील आणि वरंबा तुडवला जाणार नाही. नुसती उलटी केली असती तर टायरच्या नक्षीची दिशा चुकली असती, म्हणून डावं उजवीकडे आणि उजवं डावीकडे. रोटर जोडून दोन गुंठे बघितलं, माती चांगली भुसभुशीत होते.

आणि आई, मागच्या शाफ्टवर कव्हर घातलंय. तू त्याविषयी कधी बोलत नाहीस, पण मी तेव्हा सहावीत होते आणि मला सगळं दिसलं होतं. लाइट नव्हती, मार्कंडेयच्या काठावर ट्रॅक्टरला पंप जोडला होता, तू हात धुवायला वाकलीस आणि पदर शाफ्टला लागला. लुगडं जुनं होतं म्हणून टर्रकन फाटलं. नवं असतं तर. तो शाफ्ट मिनिटाला ५४० फेरे घेतो, सेकंदाला नऊ. हात सोडवायला वेळच नसतो. बाबांनी त्यानंतर कितीतरी दिवस पंप लावला नाही. ट्रॅक्टर उघडला त्या दिवशी वहीत मी पहिली ओळ लिहिली होती ती कव्हरची, इंजिनाची नंतर. कव्हरला साखळी आहे, ती ट्रॅक्टरला अडकवायची. आत शाफ्ट फिरला तरी वरचं नळकांडं जागच्या जागी राहतं. बाबा, साखळी न लावता शाफ्ट फिरवायचा नाही. गड्यालाही नाही. एवढं माझं ऐका.

सुरू केला तो दिवस गुढीपाडव्याचा. जावई डिझेलचा कॅन धरून उभे. फिल्टरचा स्क्रू ढिला करून हातपंप मारत बसले, आधी फेस आला, मग बुडबुडे, मग स्वच्छ धार. नोझलच्या पाइपांचीही हवा काढली. हीटर धरला, चावी फिरवली. दोनदा नुसताच घरघरला. तिसऱ्यांदा एक सिलिंडर लागला, मग दुसरा, पांढऱ्या धुरानं पडवी भरली आणि एकदम तिन्ही लागले. तेलाचा दाब कमी असल्याचं दाखवणारा दिवा विझला तसा माझ्या जिवात जीव आला. धूर हळूहळू निवळला. गल्लीतली पोरं जमली होती. काका म्हणाले, "अण्णा मळ्यात निघाले बघ." त्यांना तुमचाच आवाज वाटला, बाबा. ट्रॅक्टरचा म्हणजे तुमचाच की हो, आम्हा सगळ्यांना.

आता माझं मागणं. नवीन रिंगा आहेत, पहिले पन्नास तास जड काम द्यायचं नाही, अकरा झालेत. पंचवीस तासांनी तेल बदलायचं आणि टॅपेट पुन्हा बघायचे. ते मी करणार नाही. टूलबॉक्सच्या झाकणाच्या आतल्या बाजूला तुमच्या अक्षरात खडूनं तेल बदलल्याच्या तारखा आहेत. त्या मी पुसल्या नाहीत, रंग देताना कागद चिकटवून झाकल्या. शेवटच्या तारखेखाली जागा आहे. तिथे तुम्ही लिहायचं.

रोहिणी लागायच्या आत या. काकांनी बटाट्याचं बियाणं आपल्यासाठीही सांगून ठेवलंय. तुम्ही नांगरायला हवं असं नाही. बांधावर खुर्ची टाकून बसलात आणि मला ओरडलात तरी चालेल. पण एकदा बसून तरी बघा. हात-क्लच तुमच्या हाताच्या लांबीनं लावलाय, माझ्या नाही, त्यामुळे मला पुढे वाकावं लागतं. तुम्ही बसल्याशिवाय तो बरोबर आहे की नाही हे मला कळणार नाही.

खर्चाचं विचारू नका. धाकट्यानं आणि मी वाटून घेतला.

काल रात्री वळीव आला, वीज गेली. बॅटरी घेऊन पडवीत जाऊन बघून आले. कौलं नवी आहेत, डबा नळकांड्यावर आहे. मी अनगोळला असते तेव्हा काका घालतात, त्यांना सांगून ठेवलंय.

येताना बाबांच्या त्या चपला आणा, मागे पट्टा असलेल्या. साध्या चपलेत पायरीवर पाय घसरतो. आणि आई, वाटाण्याचं बी तुझ्या कुठल्या गाडग्यात आहे ते फोनवर सांग, मला सापडत नाहीये.

तुमची,
थोरली