दुसऱ्या खेपेला थोरल्या मुलाला कोण सांभाळणार?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गरोदर स्त्रीला आरोग्य केंद्रातून जे माता व बाल संरक्षण कार्ड मिळते, त्यावर रात्री आठ तास झोप आणि दिवसा किमान दोन तास विश्रांती घ्यावी, असा सल्ला छापलेला असतो. सल्ला अगदी योग्य आहे आणि आरोग्यसेविका म्हणून नोकरी करताना मी तो कितीतरी घरांच्या ओसरीवर बसून वाचून दाखवला आहे. मात्र घरात दीड-दोन वर्षांचे मूल असताना पुन्हा दिवस गेलेल्या बाईने हे दिवसाचे दोन तास आणायचे कोठून, याचे उत्तर त्या कार्डावर नाही आणि आपल्या बहुतेक घरांतही नाही. थोरल्या मुलाची देखभाल हा गरोदरपणाच्या काळजीचाच एक भाग आहे, हे शासनाने आणि कुटुंबांनी मान्य करावे, एवढ्याचसाठी हे पत्र लिहीत आहे.

लेकीचे पहिले बाळंतपण माहेरी आणि दुसरे सासरी, ही आपल्याकडची जुनी रीत आहे. पहिलटकरणीचे कौतुक होते, सातव्या महिन्यात डोहाळजेवण होते, हिरवी साडी नेसवून फुलांचा साज चढवला जातो, आणि नंतर आई तिला घेऊन जाते तेव्हा निदान चार महिने तरी तिच्या हातातले काम सुटते. दुसऱ्या खेपेला यातले फारसे काही वाट्याला येत नाही. 'आता तिला सगळे माहीत आहे' असे म्हणून घर निर्धास्त होते. शरीराच्या दृष्टीने पाहिले तर काळजी वाढायला हवी, कारण मागचे बाळंतपण आणि त्यानंतरचे अंगावर पाजणे यांत झालेली झीज भरून आलेली असतेच असे नाही. एका बाळंतपणानंतर पुन्हा दिवस जाण्यापूर्वी किमान 24 महिने जावेत, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. प्रत्यक्षात पुष्कळ घरांत ते जात नाहीत. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत देशातील 52.2 टक्के गरोदर स्त्रियांना रक्तक्षय असल्याचे आढळले होते. अशा अंगाने दिवसभर मूल कडेवर वागवायचे असते.

माझ्या सुनेला सध्या सातवा महिना चालू आहे आणि नातू सव्वादोन वर्षांचा आहे. डॉक्टरांनी तिला डाव्या कुशीवर झोपायला सांगितले आहे. नातू मात्र आजवर तिच्या उजव्या बाजूला झोपत आला आहे आणि आईचे तोंड आपल्याकडे नसले की तो रात्री उठून बसतो. जागा बदलून पाहिली, पण झोपेत तो पुन्हा सरकत सरकत आपल्या जागी येतो, आणि ती त्याला थोपटण्यासाठी कूस बदलते. मध्येच बंद झालेले अंथरूण ओले करणे त्याने पुन्हा सुरू केले आहे. आईच्या शरीरात आणि घरातल्या बोलण्यात काहीतरी बदलते आहे, एवढे या वयाच्या मुलाला बरोबर कळते, फक्त सांगता येत नाही. त्यात येणारी-जाणारी मंडळी त्याचा गाल ओढून 'आता बाळ आलं की तुला कोण विचारणार?' असे म्हणतात. कृपा करून कोणीही लहान मुलाशी असे बोलू नये. ते ऐकल्यावर तो दिवसभर आईचा पदर सोडत नाही आणि त्या दिवशीची दुपारची विश्रांती संपूर्ण जाते.

आमच्या घरी आम्ही ठरवून घेतले आहे की, संध्याकाळी माझा मुलगा कामावरून आला की नातवाची आंघोळ, जेवण आणि झोपवणे हे त्याने करायचे, आणि दुपारी दोन तास नातू माझ्याकडे राहायचा. सुरुवातीला नातवाने आकांत केला, पण आता वरणभात बाबांच्याच हातचा हवा असतो. गरोदरपणाच्या चौथ्या-पाचव्या महिन्यापासून ही सवय लागली, तर बाळंतपणाच्या वेळी मूल एकदम आईपासून तुटल्यासारखे होत नाही, हा माझा नोकरीतला आणि घरातला अनुभव आहे. ज्या घरात सासू नाही, किंवा असून शेतावर जाते, आणि नवरा पाळीने कामाला असतो, तेथे हे कोणी करायचे, हा प्रश्न मात्र उरतोच.

सरकारी व्यवस्थेची रचना पाहिली की हा प्रश्न अधिक टोचतो. 2016 पासून प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात दर महिन्याच्या 9 तारखेला गरोदर स्त्रियांची डॉक्टरांकडून मोफत तपासणी होते. हा उपक्रम अतिशय मोलाचा आहे आणि जोखमीच्या माता वेळेत लक्षात येण्यासाठी त्याचा उपयोग होतो. परंतु त्या दिवशी एखाद्या केंद्रात जाऊन पाहावे. नोंदणीची रांग, मग वजन, मग रक्तदाब, मग रक्त-लघवीची तपासणी, मग डॉक्टरांची रांग, आणि या प्रत्येक ठिकाणी लेकुरवाळ्या बायकांच्या कडेवर किंवा मांडीवर एक मूल. रक्तदाब मोजताना बाईने दहा-पाच मिनिटे शांत बसलेले असावे लागते. मांडीवर रडणारे, पट्टा ओढणारे पोर असताना आलेला आकडा खरा कसा मानायचा? तपासणीच्या टेबलावर झोपायचे तर मूल कोणाकडे द्यायचे, म्हणून पोटाची तपासणी न करताच परतलेल्या बायका मी पाहिल्या आहेत. पुढच्या महिन्याला त्यातल्या काही येत नाहीत, आणि नोंदवहीत त्यांच्या नावापुढे 'गैरहजर' एवढाच शेरा पडतो.

1975 साली सुरू झालेली एकात्मिक बालविकास सेवा योजना ही आपल्या देशाची फार मोठी कमाई आहे आणि अंगणवाडीताईंच्या कष्टांविषयी मला नितांत आदर आहे. पण तीत एक फट आहे. तीन ते सहा वर्षांची मुले अंगणवाडीत बसतात, शिकतात, गरम आहार घेतात. सहा महिने ते तीन वर्षे या वयाच्या मुलांना घरी न्यायचा आहार मिळतो, बसायला जागा मिळत नाही. आईला पुन्हा दिवस जातात तेव्हा थोरले मूल बहुधा नेमके याच वयाचे असते. म्हणजे ज्या वयात मूल सर्वांत जास्त उचलून घ्यावे लागते आणि आईला सर्वांत जास्त विसाव्याची गरज असते, त्याच काळात दिवसातले चार तासही त्याला सोपवायला सार्वजनिक जागा नाही. केंद्र सरकारच्या मिशन शक्ती या महिलांसाठीच्या कार्यक्रमाअंतर्गत 'पाळणा' योजनेत अंगणवाडीला जोडून सहा महिन्यांपासूनच्या मुलांसाठी पाळणाघर चालवण्याची तरतूद आहे. आमच्या भागातल्या गावांत मला असे एकही पाळणाघर दिसलेले नाही.

ऊसतोडीच्या कुटुंबांकडे पाहिले तर याची दुसरी टोकाची बाजू दिसते. हंगाम सुरू झाला की बीड, अहिल्यानगर, जालना या भागांतून जोडपी आमच्या जिल्ह्यात येतात आणि उसाच्या फडाजवळ त्यांच्या कोप्या, म्हणजे तात्पुरत्या झोपड्या, पडतात. पोटुशी बाई पहाटे फडात जाते, मोळ्या बांधते, डोक्यावरून गाडीपर्यंत नेते. तिचे दोन वर्षांचे मूल बांधावर सहा-सात वर्षांच्या बहिणीच्या हवाली असते. या दोन्ही मुलांची काळजी घेणारे कोणी असेल, तरच ती बाई तपासणीला निघेल. नाहीतर केंद्र एक कोसावर असो वा दारात, तिच्या दृष्टीने ते सारखेच लांब असते.

पैशांच्या आणि रजेच्या तरतुदींबद्दल थोडक्यात लिहिते. प्रधानमंत्री मातृवंदना योजनेत पहिल्या अपत्यासाठी 5,000 रुपये मिळतात, दुसरे अपत्य मुलगी असेल तर 6,000 मिळतात, आणि दुसरा मुलगा झाला तर काहीच नाही. मुलीच्या जन्माचे स्वागत व्हावे, हा हेतू मला मान्य आहे, पण आईची झीज दोन्ही वेळी सारखीच होते. प्रसूती लाभ कायद्यातील 2017 च्या दुरुस्तीनंतर पहिल्या दोन अपत्यांसाठी 26 आठवड्यांची भरपगारी प्रसूती रजा मिळते आणि 50 किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेला पाळणाघराची सोय करणे बंधनकारक झाले. शेतमजुरी, घरकाम किंवा टपरी चालवणाऱ्या बाईपर्यंत यातले काही पोहोचत नाही. केंद्र सरकारच्या पुरुष कर्मचाऱ्यांना 15 दिवसांची पितृत्व रजा मिळते. खाजगी नोकरीतल्या बापाला ती मिळेलच असे नाही, आणि थोरल्या मुलाला त्या दिवसांत बापाची गरज सर्वांत जास्त असते.

प्रसूतीच्या वेळची गोष्ट तर कोणी विचारातच घेत नाही. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात आईला नैसर्गिक प्रसूतीनंतर तीन दिवस आणि शस्त्रक्रियेनंतर सात दिवस मोफत आहार मिळतो. सोबत आलेल्या थोरल्या मुलाचे नाव त्या यादीत नसते. घरी ठेवायला कोणी नाही म्हणून मूल रुग्णालयात आणलेले असते आणि आईच्या ताटातले अर्धे जेवण ते खाते. कोणती आई ते देणार नाही?

यासाठी फार मोठा खर्च लागेल असे मला वाटत नाही. 9 तारखेला प्रत्येक केंद्रात एक खोली किंवा व्हरांड्याचा आडोसा, त्यात सतरंज्या, थोडी खेळणी, पिण्याचे पाणी, आणि जवळच्या अंगणवाडीची एक मदतनीस, तिला त्या दिवसाचे वेगळे मानधन देऊन. ते दिल्याशिवाय तिच्यावर आणखी एक काम टाकू नये, हेही स्पष्ट लिहिते. प्रसूतीच्या खाटेवरील आईसोबत आलेल्या पाच वर्षांखालील मुलालाही जेवण द्यावे. जेथे हंगामात कोप्या पडतात, तेथे हंगामापुरती पाळणाघरे प्राधान्याने सुरू करावीत. आशाताई पहिल्यांदा नोंदणीला घरी जातात, तेव्हाच 'थोरले मूल कोण सांभाळणार?' हा प्रश्न त्यांनी नवऱ्यासमोर आणि सासूसमोर विचारावा आणि त्याचे उत्तर कार्डावर लिहून घ्यावे.

आपल्या वृत्तपत्राला एक विनंती आहे. येत्या 9 तारखेला आपल्या प्रतिनिधीने जिल्ह्यातील कोणत्याही एका केंद्रात सकाळी दहा ते एक बसावे, तपासणीला आलेल्या किती स्त्रियांजवळ मूल होते आणि त्यांतील किती जणींची तपासणी अपुरी राहिली हे मोजावे, आणि ते आकडे जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांच्या उत्तरासह छापावेत.

आपली विश्वासू,
एक निवृत्त आरोग्यसेविका, जि. सांगली